शाळा जूनमध्ये उघडेल, रस्ता त्याआधी मोजायचा आहे: मदतीचं आवाहन

नमस्कार मंडळी,

मुख्य रस्त्याच्या चौकापासून नाल्यावरच्या मोरीपर्यंतचा आपला डीपी (म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातला) रस्ता 420 मीटरचा. त्याच्या साधारण मध्यावर महापालिकेच्या शाळेची नवी इमारत उभी राहिली आहे. आत रंगकाम चालू आहे, जूनच्या मध्याला वर्ग भरतील. गावठाणातल्या पत्र्याच्या शेडमधली 640 मुलं इथे येणार, नवे प्रवेश धरून दोन्ही सत्रांची संख्या 1,100 च्या घरात जाणार. इमारतीला रॅम्प आहे, कठडे आहेत, सगळं नीट आहे. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की मात्र थेट डांबर.

रस्त्याची मंजूर रुंदी 15 मीटर. त्यात डांबर 10.5 मीटर, उरलेल्या जागेत माती, राडारोडा, कित्येक महिने न हललेल्या दोन गाड्या आणि विजेची पेटी. 2017 मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या 11 गावांपैकी आपलं एक. आराखड्यात पूर्ण आणि जागेवर अर्धा असा रस्ता इथे नवीन नाही.

रस्ता बांधण्यासाठी आम्ही वर्गणी मागत नाही. ते काम महापालिकेचं, आणि त्याचा कर आपण भरतो. आम्हाला हवेत माणसांचे तास, थोडं सामान आणि 47,500 रुपये. मोजमाप न जोडता पथ विभागाकडे अर्ज गेला की बहुतेक वेळा एक गतिरोधक आणि ‘पुढे शाळा आहे’ अशी पाटी मिळते. मोजमाप आणि नकाशा जोडला की निदान चर्चा तरी रस्त्याच्या रचनेवर होते.

आधी हिशोब बघा. पहिली-दुसरीतलं मूल सेकंदाला साधारण एक मीटर चालतं. 10.5 मीटर डांबर ओलांडायला त्याला साडेदहा सेकंद लागतात. ताशी 50 किलोमीटरने येणारी गाडी तेवढ्या वेळात 146 मीटर पुढे येते. मोरीजवळच्या वळणामुळे फाटकासमोरून त्या बाजूचं फक्त 60 मीटर दिसतं. म्हणजे मुलाने नीट दोन्हीकडे बघून, रस्ता मोकळा आहे याची खात्री करून पाऊल टाकलं, तरी जी गाडी तेव्हा दिसतच नव्हती ती त्याच्यापर्यंत पोचू शकते. ‘मुलांना रस्ता ओलांडायला शिकवा’ हे म्हणणं इथे पुरत नाही.

आता ओलांडायचं अंतर 6.5 मीटर केलं आणि गाड्यांचा वेग 30 वर आणला, तर त्या साडेसहा सेकंदांत गाडी 54 मीटर येते. साठाच्या आत. आमच्या सगळ्या आराखड्याचा कणा एवढाच आहे, बाकीचं सगळं या दोन आकड्यांसाठी.

15 मीटरची वाटणी आम्ही अशी धरली आहे: शाळेच्या बाजूला 2.5 मीटर फूटपाथ, समोर 2 मीटर, मधे गाड्यांसाठी 6.5 मीटर. उरलेले 4 मीटर दोन्ही कडांना दोन-दोन वाटून त्यात झाडं, विजेची पेटी, हातगाड्या आणि थोडं पार्किंग. फाटकासमोर मात्र ही दोन मीटरची पट्टी बंद होते आणि फूटपाथ पुढे येतो. ओलांडायचं अंतर तिथेच कमी होतं, आणि झेब्राला चिकटून गाडी लावायला जागाही उरत नाही. उभ्या गाडीमागचं सव्वा मीटर उंचीचं मूल चालकाला दिसत नाही, त्यामुळे झेब्राच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर मोकळे राहायलाच हवेत. अग्निशमनाच्या गाडीला आणि घंटागाडीला 6.5 मीटर पुरतात.

हे सांगायला जेमतेम एक परिच्छेद लागला. पण ते पटवून द्यायला आकडे लागतात, आणि इथे तुमची गरज आहे.

पहिलं काम मोजणीचं. शाळा अजून भरत नाही, म्हणून मुलांची मोजणी जुन्या शाळेच्या फाटकावर आणि वाहनांची डीपी रस्त्यावर. तीन ठिकाणं, प्रत्येकी दोन माणसं, चार दिवस: 24 पाळ्या. वेळ 11:45 ते 12:45. सकाळी सातची गर्दी दिसते मोठी, पण खरी कोंडी दुपारी बाराला होते, कारण तेव्हा सकाळचं सत्र सुटतं आणि दुपारचं आत येतं. एकाच फाटकातून, एकाच अर्ध्या तासात. मंगळवार, बुधवार, गुरुवार आणि शनिवार असे दिवस धरले आहेत. गुरुवार मुद्दाम घेतला आहे: दुरुस्तीसाठी पाणी बंद असलं की टँकर वाढतात आणि या रस्त्यावर सगळ्यात जड वाहन तेच असतं. शनिवारी शाळेची वेळ वेगळी असते, तेव्हा त्या दिवशीची पाळी वेगळी लागेल.

नोंद दर 15 मिनिटांची वेगळी. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. एकटं मूल आणि मोठ्यांचं बोट धरलेलं मूल यांचे रकाने वेगळे. दुचाकी, रिक्षा, व्हॅन, मोटार, टेम्पो, टँकर-डंपर हे सगळे वेगळे. रकाने दोघांत वाटून घ्यायचे. एकटा माणूस सगळंच मोजायला गेला की दहाव्या मिनिटाला अंदाजाने रेघा मारू लागतो. मुलांची माहिती लिहायच्या फॉर्ममध्ये नावं विचारायची नाहीत. इयत्ता, कोणत्या गल्लीतून येणार आणि कसं, एवढंच.

वेग मोजायला यंत्र लागत नाही. रस्त्यावर 50 मीटर अंतरावर खडूच्या दोन रेघा, एकाने पहिल्या रेघेला हात खाली करायचा, दुसऱ्याने मोबाइलवर वेळ धरायची, तिसऱ्याने लिहायची. 6 सेकंद म्हणजे ताशी 30, साडेचार म्हणजे 40, 3.6 म्हणजे 50. अंतर 25 मीटर घेऊ नका; बटण दाबायला लागणारा पाव सेकंद तिथे दुप्पट महाग पडतो. आणि चमकणारी जाकिटं घालून उभे राहू नका, पोलीस समजून सगळे हळू होतात आणि आपला आकडा खोटा येतो. गॅरेजच्या ओट्यावर किंवा झाडाखाली उभं राहा. शंभर मोकळ्या गाड्या मोजायच्या; पुढच्या गाडीमागे अडकलेली मोजायची नाही. वेग चढत्या क्रमाने लावून 85 वा आकडा घ्यायचा. रचना त्या वेगाला धरून करतात, सरासरी वेगाला नाही.

दुसरं काम चाचणीचं. सिमेंट ओतण्याआधी दोन शनिवार हाच रस्ता फक्की, वाळूची पोती आणि प्लॅस्टिकचे कोन वापरून नव्या रूपात मांडायचा आणि चौथी ते सातवीतल्या 40 मुलांना पालकांसोबत नव्या फाटकापर्यंत चालवून बघायचं. चौकाच्या कोपऱ्याची गोलाई आज एवढी मोठी आहे की वळताना कोणी ब्रेकवर पायच ठेवत नाही. ती किती लहान केली तरी शाळेची बस वळते, हे पोती सरकवून कळतं. कागदावर त्यावर भांडणच होतं. पोतं अर्धंच भरायचं, पूर्ण भरलेलं गडगडतं. फक्की टँकरच्या गळतीने पुसली जाते, सकाळी साडेसहाला पुन्हा मारावी लागेल. वाहतूक शाखेकडे आणि क्षेत्रीय कार्यालयाकडे अर्ज दिले आहेत. परवानगी हातात येईपर्यंत रस्त्यावर एकही कोन ठेवायचा नाही. दोन्ही दिवस मिळून 32 पाळ्या, दर शनिवारी 16 माणसं.

गतिरोधकाबद्दल स्पष्टच सांगतो, कारण त्यासाठी पैसे देऊ करणारे तिघे-चौघे आहेत. स्वखर्चाने गतिरोधक घालू नका, आणि परवानगीशिवाय तर नाहीच. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो. गाडी ताशी 25 ने त्यावरून सुखाने जाते. आपल्याकडे रात्रीत उगवतो तो हातभर रुंदीचा उंचवटा. मोटारवाला कंबर धरतो, आणि दुचाकीवाला कडेच्या फटीतून काढतो, म्हणजे बरोब्बर जिथून मुलं चालतात तिथून. शाळेसमोर त्यापेक्षा फूटपाथच्या उंचीचा सपाट झेब्रा चांगला: 15 सेंटिमीटर उंच, वरचा सपाट भाग 4 मीटर, दोन्हीकडे दीड-दीड मीटर चढ. मूल खाली उतरतच नाही, गाडी वर चढते.

त्यातही घोटाळा होतो. वरून येणारं पावसाचं पाणी या उंचवट्याला अडतं आणि पहिल्याच पावसात फाटकासमोर तळं साचतं. म्हणून पाणी येतं त्या बाजूला दोन्ही कडांना पावसाळी जाळी आधी, झेब्रा नंतर. जाळीचे गज चाकाला आडवे हवेत. उभे असले की सायकलचं चाक अडकतं. ड्रेनेजच्या चेंबरची झाकणं नव्या पातळीला उचलून मगच ब्लॉक लावायचे, नाहीतर महिन्याभरात झाकणाभोवती खड्डा तयार. फूटपाथला 60 मिलिमीटरचा ब्लॉक चालतो, सोसायटीच्या गेटसमोर 80 चा लागतो. आणि गेट आलं म्हणून फूटपाथ खाली आणायचा नाही. गाडीने रॅम्प चढून यावं. दर गेटला उतरणारा-चढणारा फूटपाथ म्हणजे उंटाची पाठ. व्हीलचेअरवालाच काय, दप्तर ओढणारं मूलही खाली रस्त्यावरून चालू लागतं. व्हीलचेअरसाठीचा चढ 1:12, म्हणजे 15 सेंटिमीटरला 1.8 मीटर लांबी, जागा नाही म्हणून ती निम्मी केलेली आम्हाला चालणार नाही.

‘फूटपाथवर खांब लावून दुचाकी अडवा’ असं बरेच जण सुचवतात. व्हीलचेअर जाईल एवढी फट ठेवली की दुचाकीही जातेच. तिथे पहिले काही आठवडे माणूसच उभा राहायला हवा.

आता रिक्षाकाका आणि व्हॅनकाका. सध्याच्या शाळेला अशा 22 गाड्या आहेत. मुलं सोडताना गाडी मिनिटभर थांबते, ती अडचण नाही. न्यायला मात्र काका वीस मिनिटं आधी येऊन नंबर लावतात. म्हणून सोडायची जागा फाटकापासून 70 मीटर अलीकडे, शाळेच्याच बाजूला, 30 मीटर लांबीची. आणि थांबायची जागा वेगळी. कोपऱ्यावरच्या मंगल कार्यालयाचं पार्किंग दुपारी बाराला रिकामं असतं, फक्त मुहूर्त असेल त्या दिवशी नाही. मुहूर्त पंचांगात आधीच छापलेले असतात, त्या दिवसांसाठी पर्याय ठरवता येईल. मालकांना आमची विनंती: शाळेच्या दिवशी 11:40 ते 12:45 ही जागा द्यावी. काकांना विनंती की रविवारच्या बैठकीत तुमचं म्हणणं मांडा, तुमच्याशिवाय ठरवलेलं टिकणार नाही. थांबे ठरवायचं काम राज्याच्या 2011 च्या स्कूल बस नियमांनुसार शालेय परिवहन समितीकडे असतं आणि तिचे अध्यक्ष मुख्याध्यापक असतात. तेव्हा शेवटचा शब्द तिथला. बांधकामवाल्यांनी आणि टँकरवाल्यांनी 11:30 ते 1 या रस्त्याने येऊ नये, एवढं त्यांनी आपणहून मान्य केलं तरी निम्मी धास्ती जाईल.

वडापाव आणि बोरं-चिंचांच्या गाड्या हटवा, ही मागणी आम्ही अर्जात घेतलेली नाही. गाड्या राहतील, फाटकापासून 25 मीटर लांब, दोन मीटरच्या पट्टीत. गाडीवाले दिवसभर तिथे असतात, रस्त्यावर लक्ष असलेली चार माणसं आपल्याला हवीच आहेत.

पैशांचा हिशोब: एकूण खर्च 67,000. त्यात सर्व्हेअरची एका दिवसाची मोजणी आणि नकाशा 28,000. 40 कोन 14,000. वाळूची 120 पोती 7,200. उरलेले 17,800 फक्की, दोर, चाचणीच्या दिवसाची जाकिटं, हातात धरायच्या ‘थांबा’ पाट्या, टेप, छपाई आणि चहा-पाणी यांसाठी. सोसायट्यांकडून 19,500 जमले आहेत. नकाशाचं काम फुकट करून देणारा कोणी सर्व्हेअर वस्तीत असेल तर 28,000 कमीच होतील; तसं कळवा, आम्ही तेवढी वर्गणी घेणार नाही. कोन उसने चालतील, ज्या ठेकेदाराकडे आहेत त्याने दोन शनिवारांपुरते द्यावेत. पावती प्रत्येक सोसायटीच्या सेक्रेटरीकडे मिळेल, गावठाणात गणपती मंडळाच्या खोलीत. 500 च्या वर रोख घेणार नाही, पावतीशिवाय कोणालाही काही देऊ नका. दोन्ही चाचण्या झाल्यावर जमा-खर्च त्याच खोलीच्या दारावर लावू, शिल्लक राहिली तर शाळेच्या फाटकाजवळच्या झाडांच्या आळ्यांना वापरू.

घाई का, तर पावसाळ्याच्या तोंडावर खोदाई बंद होते. मोजणी जानेवारीत, चाचणी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात झाली तरच अर्ज वेळेत जाऊन मे अखेर निदान झेब्रा, जाळ्या आणि शाळेच्या बाजूचा फूटपाथ होऊ शकतो. समोरची बाजू दिवाळीनंतर गेली तरी चालेल. फांद्या छाटायच्या असतील तर वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी वेगळी लागते, तो अर्ज दिलेला आहे; कोणी कोयता घेऊन पुढे होऊ नये.

पहिली बैठक येत्या रविवारी सकाळी 10 वाजता, मंडळाच्या खोलीत. पाळ्या तिथेच लिहून घेऊ. ज्यांच्याकडे 30 मीटरचा टेप आहे त्यांनी तो आणावा, कापडी नको. ओला झाला की आक्रसतो.