चित्रपुस्तक विकत घेण्याआधी ते मुलांना वाचून दाखवा

प्रति,
माननीय शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : अंगणवाडी आणि पहिली-दुसरीच्या मुलांना वाचून दाखवायच्या चित्रपुस्तकांची निवड

सप्रेम नमस्कार.

लहान मुलांसाठी सरकार जी पुस्तके विकत घेते, त्यांबद्दल हे पत्र आहे. मुख्य मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकते. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीचे कोणतेही पुस्तक खरेदीच्या यादीत जाण्याआधी ते पंधरा-वीस मुलांना समोर बसवून मोठ्याने वाचले जावे, आणि मुलांनी ते कसे ऐकले हे बघूनच घ्यायचे की नाही ते ठरावे. निविदेच्या कागदांत कागदाची जाडी असते, पानांची संख्या असते, दर असतो. हे पुस्तक वाचून दाखवता येते का, असा रकाना मी आजवर कुठे पाहिलेला नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवले. निवृत्त झाल्यापासून अकोले तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरच्या अंगणवाड्यांत जाऊन गोष्टी वाचून दाखवते. इथल्या बऱ्याच घरांत छापील मजकूर म्हणजे रेशनकार्ड, भिंतीवरचे कॅलेंडर आणि खताच्या गोणीवरची अक्षरे. घरची माणसे मुलांशी भरपूर बोलतात, गाणी म्हणतात, रात्री कहाण्या सांगतात. मुलांकडे बोली भाषा भरपूर आहे. पुस्तकातली भाषा मात्र त्यांना कुठेच भेटत नाही. 'ती मनाशी म्हणाली', 'पाहतो तर काय', एका प्रसंगाचे बोट धरून दुसऱ्या प्रसंगात नेणारी लांब वाक्ये, प्रमाण मराठीची क्रियापदे, हे सगळे पुस्तकातून कानावर पडावे लागते. तिसरी-चौथीत अक्षरे वाचता येऊनही धडा न कळणारी मुले मी वर्षानुवर्षे पाहिली. त्यांतल्या अनेकांना कुणी कधी पुस्तक वाचूनच दाखवलेले नव्हते.

हे सरकारला मान्य नाही असेही नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हे वय पायाभूत स्तर म्हणून वेगळे काढले. २०२१ साली, लहान वयातच प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे गणित यावे यासाठी, निपुण भारत अभियान सुरू झाले. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात मोठ्याने वाचन आणि सहवाचन (मुलांना सोबत घेऊन वाचणे) यांना स्पष्ट जागा आहे. कागदावरचे बरोबर आहे. अडते ते अंगणवाडीच्या कपाटात कोणती पुस्तके येऊन पडतात तिथे.

त्यात पहिला घोळ असा, की मुलाने स्वतः वाचायचे पुस्तक आणि मुलाला वाचून दाखवायचे पुस्तक यांत खरेदी करताना फरकच केला जात नाही. नुकते वाचायला लागलेल्या मुलाला पानावर चार शब्द पुरतात, तेही सोपे हवेत. पण ऐकणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला त्याहून कितीतरी भरघोस भाषा पेलते. त्याला संवाद हवे असतात, पालुपद हवे असते, गोष्टीत काहीतरी बिघडायला हवे असते. 'कमळ बघ. कमळ लाल.' असे पुस्तक वाचून दाखवायला घेतले तर दुसऱ्या पानाला मुले उठून जातात. उलट, पानभर बारीक टायपातला मजकूर आणि कोपऱ्यात तिकिटाएवढे चित्र असे पुस्तक ना वाचून दाखवता येते, ना मुलांना एकट्याने बघता येते. आणि असलीच पुस्तके वरून येणाऱ्या संचांतून सर्वांत जास्त येतात.

चांगले चित्रपुस्तक वाचताना वर्गात काय होते ते सांगते. माझ्याकडे एक पुस्तक आहे, त्यात एक आजी हरवलेले करडू शोधत घरभर, मग गोठ्यात, मग गावभर फिरते. मजकुरात करडाचा पत्ता कुठेच नाही. चित्रात मात्र ते प्रत्येक पानावर आहे. कधी सुपामागे कान, कधी कडब्याच्या गंजीतून बाहेर आलेली शेपटी. एका वाडीवर एक मुलगी जूनपासून अंगणवाडीत यायची, पण तोंडातून शब्द काढायची नाही. गोठ्याचे पान उघडले तशी ती गुडघ्यांवर उठली आणि बोट दाखवून ओरडली, "तं काय, तं काय, कान!" मग सगळीच मुले चित्रावर वाकली. पुढच्या पानाला मी मजकूर वाचायच्या आत करडू सापडलेले असायचे. आजीला दिसत नाही आणि आपल्याला दिसते, याची त्यांना कोण मजा वाटत होती! पुस्तक संपल्यावर मुले म्हणाली, "परत." पुढे कितीतरी दिवस तेच पुस्तक मागत होती आणि आजीची वाक्ये माझ्या आधी म्हणत होती.

त्या पुस्तकात चित्र आणि शब्द यांची कामे वेगळी आहेत. शब्द सांगत नाहीत ते चित्र सांगते, आणि दोन्ही जोडून अर्थ लावायचे काम मुलावर सोडलेले आहे. ते करताना मूल विचार करते, अंदाज बांधते, बोलते. मजकुरात 'करडू सुपामागे लपले होते' असे लिहून टाकले असते तर त्या मुलीला बोट दाखवायला काही उरलेच नसते. ही गोष्ट पुस्तक चाळून कळत नाही. मोठ्या माणसाचे लक्ष आधी मजकुराकडे जाते, चित्राकडे तो ओझरते बघतो. मुलांसमोर पुस्तक उघडले की पाच मिनिटांत कळते.

मोठ्याने वाचल्याशिवाय भाषेचाही कस लागत नाही. 'सदर पिल्लू अत्यंत आनंदित झाले व त्याने आपल्या मातेस आलिंगन दिले' या धाटणीची वाक्ये डोळ्यांनी वाचताना खपून जातात. जिभेवर घेतली की वाचणाराच अडखळतो. 'पिल्लू धावत सुटलं, थेट आईच्या कुशीत' हे वाचताना आवाज आपोआप चढतो-उतरतो. मराठीत सरसर, टपटप, डुगडुग, धपकन, गुपचूप असा केवढा खजिना आहे! लहान मुलांना तो ऐकताना अंगात हुरूप येतो. तरी अनुवादित पुस्तकांतून तो बहुधा गळालेला असतो, कारण हिंदी किंवा इंग्रजी वाक्याला शब्दाला शब्द लावून मूळ मजकुराच्या जागेत मराठी कोंबलेले असते. अनुवादाला माझा विरोध नाही. इतर भाषांतली सुंदर पुस्तके मराठीत यायलाच हवीत, आणि अस्वलाची नि बर्फाची गोष्ट डोंगरातली मुलेही डोळे विस्फारून ऐकतात. फक्त ते मराठी तोंडात बसले पाहिजे.

तात्पर्याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. शेवटच्या पानावर चौकटीत 'बोध' छापलेले पुस्तक या वयासाठी घेऊच नये. गोष्ट संपल्यावर मुले तिच्यातच रेंगाळत असतात, आपल्या घरच्या करडाचे सांगत असतात, तेवढ्यात चौकट येते आणि वाचणाऱ्या ताईंना वाटते की आता विचारायला हवे, 'मग मुलांनो, आपण काय शिकलो?' मुले सरळ बसतात आणि पाठ केलेले उत्तर देतात. प्रश्न विचारावेत, पण उत्तर ठरलेले नसलेले. 'आता काय होईल?', 'आजी रागावली असेल का?' १९८८ साली अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना अशा गप्पा मारत पुस्तक वाचायला शिकवले होते, तेव्हा महिनाभरातच त्या मुलांच्या बोलण्यात फरक दिसला. त्यासाठी पुस्तकात गप्पा मारण्याजोगे काही असावे लागते.

चित्रांत कोण दिसते हेही बघावे. आमच्या मुलांना कौलारू घर, खाचरातली आवणी, डोक्यावर इरले घेतलेली आई पुस्तकात दिसली की ती एकमेकांना कोपराने ढोसतात. सावळी मुले, वीटभट्टीवरची मुले, कुबडी घेऊन चालणारे मूल, ईदच्या दिवशीचे घर हेही यायला हवे, आणि ते 'विषय' म्हणून न येता गोष्टीत सहज यावे. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारमध्ये भिली बोलणाऱ्या मुलांसाठी निदान सुरुवातीची काही पुस्तके त्यांच्या भाषेत किंवा दोन भाषांत हवीत. शब्द नसलेली चित्रपुस्तकेही संचात हवीत. ती कुठल्याही भाषेत 'वाचता' येतात आणि ज्या मदतनीस ताईंना वाचनाचा आत्मविश्वास नाही त्यासुद्धा ती मुलांपुढे धरतात.

बांधणीचे थोडक्यात. वीस मुले अर्धगोल बसली तर मागच्या मुलाला चित्र दिसेल एवढा आकार हवा. दोन पानांवर पसरलेल्या चित्रातले मुख्य पात्र मधल्या घडीत बुडता कामा नये. आमच्याकडच्या पावसात पिना गंजतात आणि गुळगुळीत आर्ट पेपरची पाने ओलीने एकमेकांना चिकटतात, त्यामुळे निविदेत चकाकीपेक्षा टिकाऊपणा लिहा.

पैशाचा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला वाचनालयासाठी वर्षाला पाच हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. सरासरी शंभर रुपये धरले तरी पन्नास पुस्तके होतात, आणि लहान मुले एकेक पुस्तक पुनःपुन्हा मागतात हे लक्षात घेतले तर वर्षाला वीस खरोखरीची उत्तम पुस्तकेही पुष्कळ झाली. नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, ज्योत्स्ना प्रकाशन, तूलिका, एकलव्य यांची पुस्तके बाजारात आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर तर खुल्या परवान्याची पुस्तके आहेत. ती कुणीही छापू शकतो, तिथे आदिवासी भाषांतलीही आहेत. आपल्याकडे बालभारतीसारखी संस्था आहे, जिची पाठ्यपुस्तके दर जूनमध्ये वाडीवस्तीवरच्या शाळेपर्यंत पोचतात. बालभारतीने १९७१ पासून 'किशोर' मासिक चालवून वाचत्या मुलांच्या पिढ्या घडवल्या. त्याच्या अलीकडच्या, अजून वाचता न येणाऱ्या वयासाठी बालभारतीने निवडक चित्रपुस्तके मोठ्या आकारात छापली तर ती राज्यभर स्वस्तात जातील.

आता सर्वांत टोचणारी गोष्ट. पुस्तके आली की ती साठा नोंदवहीत चढतात, आणि फाटले किंवा हरवले तर जबाबदारी शिक्षिकेवर, अंगणवाडी ताईंवर येते. एका ठिकाणी तपासणीत तीन पुस्तके कमी भरली म्हणून ताईंकडून पैसे भरून घेतलेले मी पाहिले आहे. तिथून पुढे ते कपाट कुलपात गेले आणि मुलांनी पुस्तके काचेतून बघितली. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पुस्तक दिले की ते फाटणारच. त्याचे पान सुटणे, कोपरा चघळला जाणे ही ते वापरात असल्याची खूण आहे. आपण या वयोगटाची पुस्तके खडू-कागदासारखी वापरून संपणारी वस्तू धरावीत आणि फाटलेल्या पुस्तकांचे निर्लेखन, म्हणजे ती साठा नोंदवहीतून काढून टाकणे, शाळा स्तरावर, कुणाला जाब न विचारता, दरवर्षी व्हावे.

आणखी एक अडचण दोन खात्यांची आहे. तीन ते सहा वर्षांचे मूल अंगणवाडीत, म्हणजे महिला व बालविकास विभागाकडे. सहाचे झाले की आपल्याकडे. पायाभूत स्तर मात्र एकच. दोन्ही विभागांनी मिळून एकच यादी करावी. ती करणाऱ्या गटात निम्म्या तरी जागा रोज मुलांसमोर बसणाऱ्या अंगणवाडी सेविकांना आणि पहिली-दुसरीच्या शिक्षिकांना द्याव्यात. प्रत्येक महसूल विभागातल्या काही वर्गांत पुस्तके आधी वाचून बघावीत, कोकणातल्या वर्गात आणि मेळघाटातल्याही. प्रकाशकांकडून नमुना प्रती मागवता येतात, त्यामुळे याला वेगळा खर्च जवळजवळ नाही. यादी सर्वांसाठी खुली ठेवावी आणि तिच्यातून काय घ्यायचे ते शाळेने, अंगणवाडीने ठरवावे. वरून बांधून आलेला, सगळ्यांना सारखाच संच नको.

बालशिक्षणाच्या बाबतीत या राज्याला बाहेरून काही उसने घ्यायची गरज नाही असे मला वाटते. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात जाऊन शाळा भरवली, मुलांना काय आवडते ते त्यांच्यात बसून पाहिले आणि मग साधने ठरवली. १९७५ साली देशात, जिच्यातून आजच्या अंगणवाड्या चालतात ती, एकात्मिक बालविकास सेवा योजना आली त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पुस्तकांच्या बाबतीत मी तेवढेच मागते आहे.

पुस्तक खरेदीची गडबड माझ्या अनुभवात दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. निधी उशिरा येतो, तो ३१ मार्चच्या आत खर्ची पडावा लागतो, मग पुरवठादाराच्या गोदामात असेल ते येते. या वर्षी वर्गांतले वाचन दिवाळीच्या सुट्टीआधी सुरू झाले तर डिसेंबरमध्ये यादी हातात येईल. निर्लेखनाचा शासन निर्णय तर त्यासाठीही थांबायला नको. तो एका पानाचा आहे, तो आधी काढावा, म्हणजे आज कुलपात असलेली बरीवाईट पुस्तके तरी मुलांच्या हातात पडतील.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर