आठ आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: ट्रकला सीमा उघडी, बाळंतिणीला बंद

प्रति,
पूर्व आफ्रिकन समुदायाच्या आठही देशांचे मा. आरोग्यमंत्री,
मुक्काम अरुषा, टांझानिया (मीटिंग असेल तेव्हा)

सप्रेम नमस्कार,

पत्रास कारण की गेल्या आठवड्यात आमच्या छोट्या क्लिनिकात रात्री एक मुलगी आणली, बोडाबोडावर म्हणजे मोटारसायकलवर, मागे सासू तिला धरून बसलेली, लेसो म्हणजे कमरेला गुंडाळायचं कापड, पूर्ण भिजलेला. वय एकोणीस. युगांडाच्या बाजूला घरीच बाळंत झाली, वार पडली पण रक्त थांबेना, म्हणून पान्या रूटने म्हणजे इकडच्या चोरवाटेने केनियात आणली, कारण अलीकडचं क्लिनिक जवळ. मी तिथे नर्स आहे. मूळची खानापूर तालुक्यातली, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा कोर्स बेळगावात केला, नवरा साखर कारखान्यात इंजिनिअर म्हणून गेली बरीच वर्षं आम्ही केनिया-युगांडाच्या सीमेवर. गावाचं आणि दवाखान्याचं नाव लिहीत नाही, नवऱ्याचं परमिट आहे, माझंही आहे, समजून घ्या.

तर त्या रात्री आधीपासून लाईट नव्हती. फ्रिज कधीचा गरम झालेला. ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भाशय आवळून रक्त थांबवायचं इंजेक्शन, २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं हे तुमच्या खात्याचंच पोस्टर सांगतं, आमच्या भिंतीवर लावलंय, फ्रिजच्या अगदी वर. इंजेक्शन दिलं, दुसरं दिलं, गर्भाशय काही आवळेना. मिसोप्रोस्टॉल दिलं, त्याच कामाच्या गोळ्या. खाली ड्रेप म्हणजे रक्त मोजायचं प्लास्टिक घातलेलं, त्याची पिशवी ७०० मिलीच्या रेघेपर्यंत आली तेव्हा मी तिला गाडीत घातलं आणि मोठ्या दवाखान्यापर्यंत मागच्या सीटवर गुडघ्यावर बसून हाताने गर्भाशय दाबत गेले, माझा मनगटाचा सांधा अजून सुजलेला आहे, भाकरी थापता येत नाही. तिथे पोचल्यावर काय विचारलं असेल? आयडी. केनियाचा आयडी नाही म्हणजे विमा नाही, विमा नाही म्हणजे डिपॉझिट. रक्त? रक्त संपलेलं. पलीकडच्या बाजूला होतं म्हणे, फोनवर कळलं, पण इकडे आणायचं कुठल्या कागदावर ते दोन्हीकडे कुणालाच माहीत नाही. शेवटी गर्भाशय काढलं. पोरगी जगली. एकोणिसाव्या वर्षी. पहिलं बाळंतपण. आणि हे लिहितेय तेव्हा ती अजून वॉर्डातच आहे, तब्येतीमुळे नाही, बिलामुळे.

२०१५ सालीच केनियाच्या हायकोर्टाने सांगितलंय की बिलासाठी बाळंतिणीला डांबून ठेवणं बेकायदा आहे. दहा वर्षं झाली. कोर्टाचा कागद गेटवरच्या वॉचमनपर्यंत पोचायला अजून किती लागतील?

साहेब, मी आठ जणांना एकच पत्र लिहितेय कारण तुम्ही एकत्र बसता. १९९९ च्या तुमच्या करारात कलम ११८ आरोग्यावरच आहे, सगळ्यांनी मिळून काम करायचं, औषधांचं रजिस्ट्रेशन एकसारखं करायचं, मी वाचलंय. केनिया-युगांडा सीमेवर बुसियाला आणि मलाबाला वन स्टॉप बॉर्डर पोस्ट आहे, दोन्ही देशांचे अधिकारी एका छपराखाली बसतात, ट्रक एकदाच थांबतो आणि सुटतो. खूप छान. सिमेंट जातं, तेल जातं, साखर जाते (आमच्या घरात त्याची चर्चा रोज असते, विचारू नका). २०१४ पासून केनिया, युगांडा, रवांडाचा माणूस नुसत्या आयडीवर इकडून तिकडे जाऊ शकतो, लग्नाला जाऊ शकतो, मयताला जाऊ शकतो. फक्त बाळंत व्हायला गेला की तो परदेशी. त्या मुलीला सिमेंटच्या पोत्यात घालून आणायला हवं होतं बहुतेक.

आता आकडे. दोन-चार हजार इकडेतिकडे धरा. डब्ल्यूएचओच्या हिशोबाने २०२३ साली जगात २ लाख ६० हजाराच्या आसपास बायका बाळंतपणात किंवा गरोदरपणात गेल्या, त्यातल्या शंभरातल्या सत्तर सहाराच्या खालच्या आफ्रिकेत. तुमच्या आठातल्या साऊथ सुदानला लाख बाळंतपणांमागे सातशेच्या आसपास आया मरतात, सोमालियाला साडेपाचशेच्या वर, आणि २०३० पर्यंत जगाचं टार्गेट सत्तर आहे. सातशे नाही, सत्तर. कॅलेंडर तुमच्याकडेही आहे.

आणि हे अशक्य आहे असं कुणी सांगू नका, कारण तुमच्याच पंक्तीत रवांडा बसतो. २००० साली तिथे लाखामागे हजाराच्या वर मृत्यू होते, २०२० पर्यंत दोनशेच्या आसपास आणले, गावोगाव आरोग्यसेविका नेमल्या, २०१६ पासून ड्रोनने रक्त पोचवतात. नुसतं बघून यायचं होतं हो, विमानाने तासाभराचं अंतर आहे. पण नाही, ड्रोनलाही बहुतेक व्हिसा लागत असणार.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती औषधांची. बाळंतपणानंतर जास्त रक्त जाऊ नये म्हणून द्यायचं, उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन आहे. ३० डिग्रीत तीन वर्षं राहतं, फ्रिज नको, लाईट नको. त्याची मोठी ट्रायल २०१८ ला आली, तीसेक हजार बायका, दहा देश, त्यात केनिया आणि युगांडासुद्धा होते आणि आमचा भारतही. २०१९ ला डब्ल्यूएचओने आवश्यक औषधांच्या यादीत घातलं. म्हणजे टोचून बघायला इथल्या बायका चालल्या, आणि सीमेवरच्या फ्रिज नसलेल्या क्लिनिकात ते औषध मी आजवर डोळ्यांनी बघितलेलं नाही. का? कारण आठ देश आठ टेंडर काढणार, आठ रजिस्ट्रेशनं, आठ शिक्के, आठ ठिकाणी चहापाणी. औषधांचे नियम एकसारखे करायचा कार्यक्रम तुम्ही २०१२ ला अरुषात सुरू केलात ना? मग? सगळ्या खंडाची आफ्रिकन मेडिसिन्स एजन्सी कागदावर २०२१ पासून आहे, हापिस रवांडात किगालीला आहे, बोर्डही लागला असेल. बोर्डाने रक्त थांबत नाही. ऑक्सिटोसिनचे नमुने देशोदेशी तपासले तर बरेचसे नापास होतात, कुठे बनवतानाच कमी, कुठे उन्हात पडून मेलेलं, आणि त्यातलं किती माल आमच्या भारतातून येतो तेही मला माहीत आहे, त्यामुळे दिल्लीवाल्यांनी पण फार हसू नये.

आणि ड्रेपचं तर मला बोलायलाच पाहिजे. साधी प्लास्टिकची पिशवी हो, बाईच्या खाली घालायची, वर रेघा मारलेल्या, रक्त किती गेलं ते दिसतं. डोळ्यांनी अंदाज केला तर तिसरा हिस्सा रक्त हिशोबातच येत नाही, हे कुठे मोजून काढलं माहिती आहे का? आमच्या बेळगावात. वीसेक वर्षांपूर्वी तिथल्या मेडिकल कॉलेजच्या लोकांनी अमेरिकन डॉक्टरांबरोबर मिळून असली ड्रेप बनवली, खेड्यातल्या नर्सबाईंच्या हातून मिसोप्रोस्टॉल देऊन दाखवलं, जगभर छापून आलं. पुढे २०२३ ला केनिया, टांझानिया, नायजेरिया आणि साऊथ आफ्रिकेतल्या दवाखान्यांत ड्रेप लावून आणि सगळे उपाय एकदमच करून बघितले तर जास्तीचा रक्तस्राव आणि त्यातून होणारे मृत्यू-ऑपरेशनं मिळून साठ टक्क्यांनी खाली. साठ! यातले दोन देश तुमचेच. मग आमच्या क्लिनिकात ती ड्रेप सरकारकडून यायला पाहिजे की माझ्या भावाकडून? माझा भाऊ पाठवतो, बेळगावाहून, येणाऱ्याजाणाऱ्याच्या बॅगेत, चिवड्याच्या पुडक्यांबरोबर.

पैसे नाहीत म्हणाल. कसे असतील? २००१ ला अबुजात सगळ्या आफ्रिकेने शपथ घेतली की बजेटचे १५ टक्के आरोग्याला देणार, आणि बहुतेक देश अजून त्याच्या जवळपासही नाहीत. तुम्ही सगळे अमेरिकेच्या भरवशावर राहिलात आणि जानेवारी २०२५ ला तिथल्या नव्या साहेबांनी एका सहीत नळ बंद केला. आमच्याकडची संस्था, जी मूल न राहण्यासाठी इंप्लांट आणि डेपोची इंजेक्शनं द्यायची, ती त्यानंतर दिसली नाही, बोर्ड तेवढा आहे. ९७ लाख डॉलरची गर्भनिरोधकं बेल्जियमच्या गोदामात पडून, जास्तीत जास्त माल आफ्रिकेसाठी घेतलेला, आणि अमेरिकेने ठरवलं काय तर जाळून टाकू. तेव्हा तुम्ही आठ जणांनी मिळून एक विमान तरी पाठवलंत का, की द्या आमच्याकडे, आम्ही नेतो? ९७ लाख डॉलर म्हणजे आठ सरकारांना काय हो, मंत्र्यांच्या गाड्यांच्या ताफ्यातच निघतील. आता आमच्याकडे बायका येतात, इंजेक्शन मागतात, मी नाही म्हणते, त्या परत जातात आणि काही महिन्यांनी पोट घेऊन येतात, काही जणी पोट पाडायला कुठेतरी कोपऱ्यात जाऊन सेप्टिक होऊन येतात.

त्याबद्दल तर तुम्ही बोलूच नका. मापुटो प्रोटोकॉल, म्हणजे बायकांच्या हक्कांचा आफ्रिकेचा करार, २००३ चा. बलात्कार झाला असेल, आईच्या जिवाला धोका असेल तर गर्भपाताचा हक्क, असं आफ्रिकेने स्वतः लिहिलंय, गोऱ्यांनी नाही. केनिया आणि युगांडाने २०१० ला सही पक्की केली आणि नेमक्या त्याच कलमावर ‘हे सोडून’ लिहून ठेवलं. तुमच्या समुदायाच्या अरुषातल्या संसदेत २०१७ ला लैंगिक आणि प्रजनन आरोग्याचं बिल आलं, २०२१ ला नव्याने आलं, भाषणं झाली, चर्चवाले रागावले, आणि आमच्या सीमेवर त्याचा कायदा काही अजून उगवलेला नाही.

आता माझं ऐका जरा. माझं रजिस्ट्रेशन एका देशाचं. रस्ता ओलांडला की मी नर्स नाही, मी एक इंडियन बाई, सुई हातात धरली तर गुन्हा. पलीकडच्या क्लिनिकातली माझी मैत्रीण, तिचंही तसंच. त्यांच्याकडे गर्दी असते तेव्हा आमच्याकडे मी माशा मारत बसते आणि उलटही होतं. कागद पक्के करायला मी कितीदा गेले, फोटो द्या, परत फोटो द्या, बेळगावच्या कॉलेजचा शिक्का इंग्रजीत आहे पण सही कन्नडात आहे म्हणून परत पाठवलं. फी भरली, पावती हरवली (त्यांची), परत भरली. त्यात कमरेचं दुखणं, मनगट, रात्रीची झोप गेलेली, नवऱ्याची शुगर वाढलेली, सासूबाईंच्या दिवसकार्याला जाता आलं नाही कारण परमिट रिन्यूअलला अडकलेलं. त्या मुलीच्या बिलातले निम्मे पैसे आम्ही भरले, ते पोराच्या कोल्हापूरच्या हॉस्टेलचे होते. तो फोनवर म्हणाला आई तू सगळ्यांचं करत बस. बरोबरच आहे त्याचं.

सीमा म्हणजे काय ते मला शिकवायला नको, मी बेळगावची आहे. आमच्याकडे महाराष्ट्राने २०२३ ला सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना देतो म्हटलं तर कर्नाटक सरकारने केवढा थयथयाट केला, आमच्या हद्दीत ढवळाढवळ म्हणून. पेशंटला कुणी विचारलं? कुणीच नाही. इकडे आले तर इकडेही तेच. जगात सगळीकडे हद्द सरकारची आणि कळा बाईच्या. आणि तुम्हा मोठ्या लोकांना मात्र गुडघा दुखला तरी चेन्नई, लंडन. तिथे कुणी विचारतं का आयडी कुठला म्हणून?

वर्कशॉप घेता. मीही एकाला गेले होते, मोठ्या हॉटेलात, सीमापार माता आरोग्य असं काहीतरी बॅनर, पाच लोगो, पेन, बॅग, भत्ता. दुपारच्या जेवणात तीन प्रकारचं मटण. मी उभी राहून विचारलं की रात्री दोन वाजता रक्ताची पिशवी बॉर्डरवरून आणायला कुणाला फोन करायचा, तर म्हणाले चांगला मुद्दा आहे, नोंद घेतो. कुठे घेतली ती नोंद? मला फोटो पाठवा.

मागणं फार नाहीये. सीमेवरच्या दोन्ही बाजूंना गरोदर आणि बाळंत बाईला आधी उपचार, मग आयडी, आणि बिलाचा हिशोब तुम्ही दोन सरकारांनी महिन्याच्या शेवटी आपापसात करा, ट्रकच्या करांचा करताच ना. कार्बेटोसिन, ड्रेप आणि गर्भनिरोधकं आठ देशांनी एकाच ऑर्डरने घ्या, दक्षिणेकडच्या सोळा देशांच्या संघटनेने अशा एकत्र खरेदीसाठी टांझानियाचं सरकारी औषध खातं निवडलंय, टांझानिया दोन्ही पंगतीत जेवतो तर त्यालाच विचारा कसं करायचं. रक्ताची पिशवी आणि नर्स, दोघांनाही बॉर्डरवर एकच कागद. आणि त्या मुलीला घरी सोडा. हे शेवटचं आजच्या आज होईल, त्याला मीटिंग लागत नाही.

हेच पत्र इंग्रजीतही पाठवलंय. मराठीत यासाठी की इथल्या साखर कारखान्यांवर आपली कितीतरी कुटुंबं आहेत, सांगली-कोल्हापूर-बेळगावची, त्यांनी गप्प बसू नये.

आपली,
सीमेवरची एक नर्स

ता.क. भावाने पाठवलेल्या ड्रेपचं एक पार्सल कस्टमने अडवलंय. ‘प्लास्टिक पिशव्या’ म्हणून. केनियात २०१७ पासून प्लास्टिक पिशव्यांना बंदी आहे ना. तेवढं बघा.