तुझ्या पाठीमागून अंबाबाई गेली

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या वर्दीवरच्या पट्टीवरचं नाव मी वाचलं होतं. पण वर्दीतल्या माणसाचं नाव असं चारचौघांत लिहू नये, म्हणून इथं लिहीत नाही. खूण पटावी एवढंच सांगते: २६ जानेवारी २०२३, दिल्ली, कर्तव्य पथावरची बायकांच्या झडतीची रांग आणि तिळगुळाची स्टीलची डबी. तू मला मावशी म्हणालीस, म्हणून मी तुला अगं-तुगं करते. माझी धाकटीसुद्धा तुझ्याहून मोठी असेल.

आम्ही दोघं कऱ्हाडचे. टीव्हीवर परेड बघतानासुद्धा राष्ट्रगीताला घरात उठून उभा राहणारा माणूस माझ्या घरात आहे. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले तेव्हापासून यांचं एकच होतं, एकदा दिल्लीला जाऊन परेड डोळ्यांनी बघायची. भाच्यानं ऑनलाइन वीस-वीस रुपयांची दोन तिकिटं काढली, छापून हातात दिली आणि चारचारदा बजावलं. आधार कार्ड मूळचंच न्या. पिशवी नको, खायचं नको, पाण्याची बाटलीसुद्धा नको. आम्ही सगळं पाळलं, फक्त तिळगुळाची डबी मी शालीत घेतली. रथसप्तमी दोन दिवसांवर होती. परमुलखात कुणी आपलं माणूस भेटलं तर हातावर काय ठेवायचं, असं मनात आलं.

अंधारातच मेट्रोनं निघालो. केंद्रीय सचिवालय स्टेशनातून वर आलो तर धुकं असं, की पुढचा माणूस नुसता सावलीसारखा दिसत होता. तपासणीला बाया एकीकडं, बाप्ये एकीकडं. त्यांची रांग भराभर सरकली. दोन्ही तिकिटं यांच्या खिशात, मोबाइलही यांच्याकडंच. मी तुझ्यासमोर येऊन उभी राहिले तोवर हे आत गेले होते. त्यांना वाटलं, मी पुढं झाले.

तिकीट नाही म्हटल्यावर मागच्या बायका हिंदीत गलका करायला लागल्या. मला हिंदी समजतं, पण घाबरल्यावर तोंडातून मराठीच येतं. "अगं बाई, आता काय करू गं," एवढंच मी पुटपुटले. तू मान वर केलीस. "मावशी, कुठल्या ओ तुम्ही?"

पोरी, माझ्या जिवात जीव आला.

तू कोल्हापूरकडची, हे बोलण्यावरनंच कळलं. तू मला तुझ्या खुर्चीवर बसवलंस. बीपीची गोळी घ्यायची राहिली होती, तर स्वतःचं पाणी दिलंस. यांचा नंबर माझ्या तोंडपाठ होता. तू तीनदा लावलास, लागला नाही. मग विचारलंस, "मामा ओळखायचे कसे?" मी म्हटलं, गांधी टोपी, करडा स्वेटर. "बास की मग! भ्या नका. टोपीवाले मामा इथं एकच असणार." आणि तुझ्यासोबतच्या शिपायाला आत पिटाळलंस. रांग काही थांबली नव्हती. तू एकेका बाईची तपासणी करत होतीस आणि दर दोन मिनिटांनी वळून म्हणत होतीस, "बसा निवांत, टाइम आहे अजून."

हे सापडले ते आतल्या तोंडाशीच. बसलेच नव्हते. आल्या वाटेकडं डोळे लावून उभे होते. मला बघून एक शब्द बोलले नाहीत, गळ्यातला मफलर काढून माझ्या कानांना गुंडाळला फक्त.

डबी मात्र तू आत नेऊ दिली नाहीस. नियम तो नियम, ते मला आवडलं. "माझ्याकडं राहू दे, जाताना न्या," म्हणालीस. एक वडी तुझ्या हातावर ठेवली, तर ती पुन्हा डबीत ठेवलीस. ड्यूटी सुटल्यावर खाते, म्हणालीस.

साडेदहाला सुरू झालं. राष्ट्रगीत चालू असताना एकवीस तोफा झाल्या, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच त्या आपल्या देशात बनलेल्या तोफा होत्या. छातीत धडधडलं. इजिप्तचे सैनिक चालत गेले. सीमा सुरक्षा दलाच्या उंटांवर पहिल्यांदाच बायका बसल्या होत्या. हे मला सगळं सांगत होते, पण माझं लक्ष दुसरीकडं गेलं. गेट बंद झाल्यावर तुम्हाला आत आणून उभं केलं होतं आणि तू आमच्यापासून दहा पावलांवर होतीस. तोंड आमच्याकडं, पाठ रस्त्याकडं. सगळी माणसं जे बघायला रात्रीपासून जागी होती, त्याच्याकडं पाठ करून तू आमच्याकडं बघत उभी.

मग संबळ वाजला. आपल्या महाराष्ट्राचा चित्ररथ आला, साडेतीन शक्तिपीठांचा. मी तुझ्याकडं बघत होते. तू वळली नाहीस. नजरसुद्धा हलली नाही. फक्त उजव्या हाताची दोन बोटं पँटच्या शिवणीवर ताल धरत होती. तुझ्या गावाकडची अंबाबाई तुझ्या पाठीमागून गेली आणि तू बघितली नाहीस.

ते मला राहवलं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही लाल किल्ल्यापुढं भारत पर्वात गेलो. तिथं परेडमधले चित्ररथ मांडून ठेवतात. कुतुबमिनार बघायचा राहिला तर राहिला, असं हेच म्हणाले. आपल्या रथाभोवती मी तीन फेऱ्या मारल्या, तुला सांगता यावं म्हणून. ऐक आता. पुढं संबळ वाजवणारा गोंधळी होता. कोल्हापूरची अंबाबाई, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, वणीची सप्तशृंगी, चारही जणी होत्या. अंबाबाईपुढं मी जास्त वेळ उभी राहिले. शेजारी एक पंजाबी आजी होती, तिनं विचारलं ही कोण, तर मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. तिनं हात जोडले. त्या वर्षी उत्तराखंडचा पहिला नंबर आला, आपला दुसरा. तुला कळलंच असेल.

परेड सुटल्यावर तू डबी परत दिलीस. गर्दीत बोलायला वेळ नव्हता. "रिकामी डबी देऊ नये म्हणते आई," एवढं म्हणून तू पुढच्या माणसांना वाट दाखवायला लागलीस. बंगलासाहिब गुरुद्वाऱ्याला जाताना रिक्षात उघडली, तर आत बुंदीचा लाडू, कागदात बांधलेला. तुला ड्यूटीवर मिळालेल्या जेवणाच्या पाकिटातला असणार. पहाटेपासून उभी होतीस तू! आम्ही तो अर्धा-अर्धा खाल्ला. यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हा माणूस लेकीच्या पाठवणीलासुद्धा लोकांसमोर रडला नव्हता.

मी तुला धड आभारसुद्धा म्हटले नाहीत, ते आज म्हणते. तू नसतीस तर मी त्या गेटवरनंच माघारी फिरले असते, आणि हे आत एकटे उभे राहिले असते. आमची परेड तू दाखवलीस. सुट्टीवर येशील तेव्हा कऱ्हाडच्या स्टँडवर उतर. गाडी तिथं थांबतेच.

गावी आल्यावर आम्ही कोल्हापूरला गेलो. अंबाबाईची ओटी भरली. दुसरी ओटी तुझ्या वतीनं भरली आणि इथं लिहिलं नाही ते तुझं नाव तिला सांगितलं.

तुझी,
कऱ्हाडची मावशी