सेइबालच्या कुत्र्यांचे दात

प्रिय अनंत,

सप्रेम नमस्कार.

मध्य अमेरिकेतल्या ज्या प्राचीन माया लोकांकडे ना बैल होता ना घोडा, त्यांनी जनावरांची दूरवर ने-आण केली हे कशावरून म्हणायचे, असे तू विचारले होतेस. उत्तर दातांत आहे.

ग्वातेमालातील पासिओन नदीकाठच्या सेइबाल नगरात सापडलेल्या प्राण्यांच्या अवशेषांचे रासायनिक पृथक्करण करून अ‍ॅशली शार्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. खडकातले स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य पाण्यातून आणि चाऱ्यातून जनावराच्या पोटात जाते, कॅल्शियमची जागा घेऊन दातांच्या एनॅमलमध्ये, म्हणजे वरच्या कठीण आवरणात, बसते, आणि लहान वयात घडलेले ते एनॅमल पुढे बदलत नसल्यामुळे पिल्लू ज्या मातीवर वाढले तिची खूण जन्मभर, किंबहुना मेल्यानंतरही, टिकून राहते. सेइबालची जमीन चुनखडीची. तिथे स्ट्रॉन्शियम-८७ आणि ८६ या दोन समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंचे) गुणोत्तर साधारण ०.७०७५ येते. दक्षिणेच्या डोंगराळ मुलखात, जिथला खडक आपल्या दख्खनसारखा ज्वालामुखीचा आहे, ते ०.७०४ च्या आसपास उतरते. फरक तिसऱ्या दशांश स्थळी पडतो, पण यंत्राला तो स्वच्छ दिसतो.

नगराच्या ऐन मध्यभागी, पूजास्थानांजवळच्या खोल खड्ड्यांत मिळालेल्या दोन कुत्र्यांच्या दातांत डोंगराची खूण निघाली. काळ इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमाराचा. म्हणजे ती डोंगरात जन्मली, वाढली, आणि कोणीतरी त्यांना शंभराहून अधिक किलोमीटर चालवत किंवा उचलून खाली आणले. नुसत्या मांसासाठी एवढी पायपीट कोणी केली असेल, असे मला वाटत नाही. त्यांचा शेवट समारंभात झाला असावा.

त्याच काळातल्या एका मोठ्या मार्जाराने, बहुधा जग्वारने, मला अधिकच थांबवले. कार्बनच्या समस्थानिकांवरून मक्यावर पोसलेले प्राणी ओळखता येतात (ज्वारीचीही खूण तशीच उमटते, म्हणजे तुझ्या सोलापूरकडच्या हाडांतही ती असणार). जग्वार मका खात नाही. तरी त्याच्या अवशेषांत ती खूण होती. मक्यावर वाढलेली जनावरे त्याला लहानपणापासून कोणीतरी खाऊ घालत होते, असाच त्याचा अर्थ लागतो. रानात हरणांमागे धावायच्या वयात ते पिल्लू माणसाच्या हातचे खात होते.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव