रडू दाबून आनंद टिकत नाही

संपादक महोदय,

डिसेंबर लागला की पुरवण्यांमधून नाताळच्या आनंदाचे ठरलेले चित्र येते: केक, चांदण्या, नवे कपडे, गजबजलेले चर्च. त्यात खोटे काही नाही. पण ज्या ख्रिस्ती घरात यंदा मृत्यू झाला, कुणाचे केमो चालू आहे, नोकरी गेली किंवा दुबार पेरणीही वाया गेली, त्या घराला ते चित्र टोचते. त्यात मंडळीतलीच, म्हणजे आपल्याच चर्चची, माणसे येऊन ऐकवतात, “विश्वास आहे ना? मग रडता कशाला? प्रभूमध्ये आनंद करा!” दुःखितांच्या घरी भेटी देण्याचे काम करणारे आम्ही काही जण या सल्ल्याविरुद्ध लिहीत आहोत. ख्रिस्ती श्रद्धेतला आनंद संकटात टिकतो, हे खरे. पण तो रडू दाबून मिळत नाही. देवापुढे तक्रार मांडूनच त्याच्यापर्यंत जाता येते, आणि ही रीत शिकता येते.

‘प्रभूमध्ये आनंद करा’ या ज्या वचनाचा असा हातोड्यासारखा वापर होतो ते बायबलमधल्या, प्रेषित पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातले आहे (४:४). आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांतल्या, तिसऱ्या रविवारी जांभळ्या मेणबत्त्यांमधली एकुलती गुलाबी मेणबत्ती लावतात, त्या दिवसाचे हेच वचन. पत्र चार अध्यायांचे, एका बैठकीत वीस मिनिटांत वाचून होणारे. ते सबंध वाचले तर हातोडा खाली ठेवावा लागेल. पौल कैदेत आहे, निकाल जगण्याचा लागेल की मरणाचा हे त्याला ठाऊक नाही. मदत घेऊन आलेला एपफ्रदीत मरणाच्या दारातून परतला, त्याबद्दल पौल लिहितो की देवाने दया केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झाले असते (२:२७). पुढच्याच अध्यायात काही लोकांविषयी तो रडत रडत लिहितो आहे (३:१८). म्हणजे आनंद करा म्हणणाऱ्या माणसाचे डोळे त्याच पत्रात ओले आहेत. शिवाय समाधानी राहायला मी ‘शिकलो’ आहे, असे तो सांगतो (४:११). जे शिकावे लागते त्याला वेळ लागतो. तिसऱ्या दिवसाच्या प्रार्थनेला आलेल्या पाहुण्याने ते विधवेकडून मागू नये.

दुष्काळी भागातल्या वाचकांना बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याचे शेवटचे कडवे जवळचे वाटेल. अंजिराला फूल नाही, द्राक्षीला फळ नाही, शेतात धान्य नाही, मेंढवाड्यात मेंढरे नाहीत, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन (३:१७-१८). भिंतीवरच्या कॅलेंडरवर एवढेच छापतात. त्याच्या आधीचे १६वे वचन छापत नाहीत, त्यात हा माणूस थरथर कापतो आहे, ओठ थरथरताहेत, हाडांत जणू कीड शिरली आहे. आणि पुस्तकाची सुरुवातच मुळी अशी आहे की, परमेश्वरा, मी कोठवर ओरडू आणि तू ऐकणार नाहीस? तीन अध्यायांचे हे छोटे पुस्तक आहे. पहिल्यात भांडण, दुसऱ्यात वाट पाहणे, तिसऱ्यात गाणे. पहिला अध्याय गाळून तिसरा म्हणायला लावले की ते तोंडदेखले होते, आणि घरातल्या मुलांना ते सर्वांत आधी कळते.

देवाशी भांडणे मराठी माणसाला नवे नाही. जनाबाईने विठोबाला घातलेल्या शिव्या आणि तुकोबांचे त्याच्याशी झालेले तंटे आपण भक्ती म्हणूनच वाचतो. रेव्हरंड ना. वा. टिळक तर तुकोबांच्याच पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचे सांगत. तरीही आमच्या मंडळ्यांमध्ये तक्रारीची प्रार्थना जवळजवळ बंद पडली आहे, याचे नवल वाटते. बायबलमधल्या १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत, आणि रविवारी मात्र निवडून निवडून स्तुतीचीच वाचली जातात.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते. सुरुवातीला स्तोत्र १३ घ्यावे. वचने फक्त सहा, आणि बांधणी इतकी स्पष्ट की लहान मुलालाही कळते. पहिल्या दोन वचनांत तक्रार, त्यात ‘कोठवर?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. तिसऱ्या-चौथ्यात मागणी. पाचव्या-सहाव्यात भरवसा आणि गाणे. रोज एकच वेळ ठरवावी, संध्याकाळी दिवाबत्तीची बरी. पंधरा मिनिटे पुरतात. स्तोत्र मोठ्याने वाचावे, मनातल्या मनात नको, कारण शोकात वाचलेली ओळ डोक्यात ठरत नाही आणि आवाज काढला की श्वासही जरा सावकाश होतो. पहिल्या दोन वचनांनंतर थांबून आपली तक्रार आपल्या शब्दांत घालावी. ती नेमकी असावी. “प्रभो, आम्ही दुःखात आहोत” यात काहीच सांगितले जात नाही. “त्यांचा पगार बंद झाला, घराचा हप्ता १० तारखेला आहे, आणि तू गप्प का?” ही प्रार्थना झाली. मग मागणी, तीही एकच आणि या आठवड्यापुरती.

शेवटची दोन वचने जमतील तेव्हा म्हणावीत. पहिले काही आठवडे चौथ्याशी थांबले तरी चालते, तेवढ्या दिवसांत शेजारी बसलेल्याने ती म्हणावीत. मंडळी असते ती यासाठीच. आणि तेही जमत नसेल तर स्तोत्र ८८ आहे, १८ वचनांचे, शेवटपर्यंत अंधारच. त्यात आशेचे वळण नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात ठेवले गेले, आणि ज्याच्या तोंडी काहीच उरलेले नाही त्याला त्याचा आधार वाटतो. त्याची पहिली हाक मात्र ‘माझ्या तारणाऱ्या देवा’ अशी आहे, ती सुटू देऊ नये.

यानंतर आभार. इथे सर्वांत जास्त चुका होतात. मृत्यूबद्दल किंवा आजाराबद्दल देवाचे आभार माना, असे शास्त्र कुठेही सांगत नाही. त्या परिस्थितीत असतानाही आभार मानायला जागा शोधा, एवढेच सांगते. वहीत दिवसाला तीन ओळी लिहाव्यात, त्याही चिमुकल्या आणि त्या दिवसाच्या: शेजारच्या काकूंनी भाकरी पाठवली, रात्री सलग चार तास झोप लागली, बँकेतल्या कारकुनाने फॉर्म भरून दिला. ‘सगळ्यासाठी आभार’ लिहिले की आठवड्याभरात वही बंद पडते. दुसऱ्यांचे हाल आपल्यापेक्षा जास्त आहेत म्हणून आभार मानू नयेत, तो आनंद उसना असतो आणि त्याला अपराधीपणाची कड असते. शेवटी ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतपुस्तकातले एक गीत, एकच कडवे, खालच्या पट्टीत. गळा दाटला तर नुसते वाचावे.

वसईकडच्या कॅथलिक घरांत संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, असतेच. त्यांना वेगळे काही सुरू करण्याची गरज नाही. सोमवारी आणि शनिवारी ज्यांचे मनन करतात त्या येशूच्या बालपणाच्या पाच प्रसंगांकडे, म्हणजे ‘आनंदाच्या रहस्यांकडे’, नीट पाहावे, इतकेच. चौथ्यात मंदिरात बाळाला अर्पण करतानाच वृद्ध शिमोन येशूची आई मरिया हिला सांगतो की तुझ्या जिवातून तलवार जाईल. पाचव्यात बारा वर्षांचा मुलगा तीन दिवस हरवलेला आहे. आणि तरी त्यांना रहस्ये म्हणतात ती आनंदाचीच. ज्यांनी ही यादी केली त्यांना संसार कळत होता.

प्रार्थनेचा हा रोजचा क्रम का मोडतो, तेही सांगितले पाहिजे. उत्साहात पहिल्याच दिवशी तासाभराची प्रार्थना धरली तर आठवड्यात दमछाक होते. झोप आधीच मोडलेली असताना रात्रीची जागरण-प्रार्थना घेतली की दुसरा दिवस आणखी काळा उगवतो. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या रुग्णाने शोकात उपास धरणे सरळ धोक्याचे आहे. रात्री दोनला मोबाइलवर एकामागून एक प्रवचने ऐकणे ही प्रार्थना नव्हे. आणि ‘आज आनंद वाटला का?’ असे रोज स्वतःला तपासणे तर बी उकरून पाहण्यासारखे आहे. शेवटच्या भोजनाच्या रात्री ख्रिस्ताने शिष्यांना आधी ‘तुम्ही रडाल व शोक कराल’ असे सांगितले, आणि मग दुःखाचा आनंद होईल व तो कोणी काढून घेणार नाही, असे (योहान १६:२०-२२). क्रम हाच आहे, आणि मध्ये किती दिवस जातील ते त्याने सांगितलेले नाही.

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट मंडळीत शौर्याची म्हणून सांगतात, कर्मेल डोंगरावरच्या विजयापर्यंत. पुढचा अध्याय (१ राजे १९) दुःखितांनी वाचावा. हा संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो, उठवून भाकरी व पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला देतो. बोलणे फार पुढे, आणि त्यानंतर लगेच दोन गोष्टी मिळतात: हाताला काम आणि अलीशासारखा सोबती. पंडिता रमाबाईंच्या चरित्रात हे काम ठळक दिसते. दुष्काळाने आईवडील नेले, मग बहीण, भाऊ आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गेले. १८९६-९७च्या दुष्काळात याच बाई मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली घेऊन आल्या आणि केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमाही गेली. तरी मूळ भाषांवरून मराठी बायबल करण्याचे काम त्यांनी १९२२ मधल्या आपल्या मृत्यूपर्यंत सोडले नाही. त्यांना दुःख नव्हते असे कोण म्हणेल?

भेटीला जाणाऱ्यांसाठी थोडे. बायबलमधल्या संकटग्रस्त ईयोबाचे तीन मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर त्यांचे सगळे बरोबर होते. बोलू लागले आणि चुकले. ‘देवाची इच्छा’, ‘तो चांगल्या ठिकाणी आहे’, ‘काहीतरी चांगल्यासाठीच’ ही वाक्ये घरी ठेवून जावे. खिन्न माणसापुढे गाणी गाणे म्हणजे थंडीत त्याचे पांघरूण काढून घेणे, असे नीतिसूत्रात सरळ लिहिले आहे (२५:२०). वीस मिनिटे बसावे, गेलेल्या माणसाचे नाव घेऊन बोलावे, वरण-भात किंवा पिठले-भाकरीचा डबा परत न मागण्याच्या भांड्यात न्यावा, आणि एक काम उचलावे. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, दाखल्याच्या चार-पाच प्रती लागतात, बँक, विमा, पेन्शन, रेशनकार्ड सगळीकडे फेऱ्या असतात. महिन्याच्या मिस्सेपर्यंत (कॅथलिक उपासनेपर्यंत) किंवा स्मरण-प्रार्थनेपर्यंत घर भरलेले असते. खरी ओस पडण्याची वेळ त्यानंतर येते. म्हणून महिला मंडळाने पाळ्या लावायच्या त्या दुसऱ्या महिन्यापासून, आठवड्याला एक घर, वर्षदिनापर्यंत.

आणि हे अगदी स्पष्ट लिहितो. दोन आठवडे जवळजवळ रोज मन खचलेले, झोप-भूक गेलेली, कशातच रस नाही, ‘मी ओझे आहे’ असे विचार किंवा मरणाची भाषा असेल, तर ते अश्रद्धेचे लक्षण नाही. डॉक्टरांकडे न्यावे. मरणाची भाषा ऐकू आली तर दोन आठवडे थांबूही नये, त्या माणसाला एकटे सोडू नये. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. चालू असलेल्या गोळ्या प्रार्थनासभेतल्या कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नयेत. तसे सांगणारा कितीही मोठा वक्ता असो, ऐकू नये. एलीयाला देवाने आधी भाकरी दिली, ते आठवावे.

राहिला नाताळ. दुःखाच्या पहिल्या वर्षी घराने काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे आगमनकाळाच्या सुरुवातीलाच बसून ठरवावे, म्हणजे ऐनवेळी रुसवे होत नाहीत. फराळ नको, करंज्या शेजारून येतील, पण मुलांसाठी चांदणी लावावी, असे चालते. मध्यरात्रीच्या गर्दीऐवजी सकाळची उपासना निवडावी. मंडळ्यांना आमची विनंती आहे की २१ डिसेंबरच्या संध्याकाळी, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री, एक साधी उपासना ठेवावी. जुन्या चर्च-पंचांगात तो शंका विचारणाऱ्या संत थोमाचा दिवस आहे, त्यामुळे निमित्तही आयते आहे. ४० मिनिटे, स्तोत्र १३, योहान ११ मधला येशू रडला तो भाग, पाच मिनिटांची शांतता, हवी त्याने मेणबत्ती लावावी. कॉयर नको, संदेश सात मिनिटांपेक्षा मोठा नको, दाराजवळच्या दोन ओळी मोकळ्या ठेवाव्यात म्हणजे कुणाला उठून जावेसे वाटले तर जाता येते, आणि शेवटी हस्तांदोलनाची रांग लावू नये. सूचना दोन रविवार आधी द्यावी. ‘दुःखितांसाठी विशेष’ असे म्हटले की माणसे लाजतात, ‘शांत संध्या-उपासना, कोणीही यावे’ एवढे पुरे. आपल्या दैनिकाने नाताळच्या कार्यक्रमांच्या यादीत अशा उपासनांची वेळ आणि पत्ता छापावा, ही आपल्यालाही विनंती.

— दुःखितांच्या घरी भेटी देणारे काही मराठी ख्रिस्ती कार्यकर्ते, अहिल्यानगर