कौतुकाच्या भरात उमेदवारांची यादी राहिली

महोदय,

ब्रह्मदेशात (आजच्या म्यानमारमध्ये) लोकशाहीसाठी वर्षानुवर्षे नजरकैद भोगलेल्या आँग सान सू की यांना डोक्यावर घेतले, त्याचा आता पश्चात्ताप होतो, असे म्हणणारे बरेच भेटतात. पश्चात्ताप खरा असेल, पण त्याला जोडून येणारे ‘सत्ता मिळाली आणि बाई बदलल्या’ हे वाक्य पटत नाही. कौतुक शिगेला पोहोचले होते तेव्हाच पुष्कळ काही कागदावर होते. आपले ब्रह्मदेशाचे ज्ञान मंडालेचा तुरुंग आणि रत्नागिरीचा थिबा राजवाडा यांपुढे फारसे जात नाही, म्हणून ते वाचले गेले नाही.

आधी त्यांच्या बाजूचे. २००८ च्या राज्यघटनेनुसार संसदेच्या दोन्ही सभागृहांत मिळून ६६४ जागा, त्यांतल्या १६६ लष्कराच्या. महत्त्वाच्या घटनादुरुस्तीला ७५ टक्क्यांहून जास्त मते लागतात. म्हणजे निवडून आलेले सगळे ४९८ जण एक झाले तरी आकडा बरोबर ७५ वर अडतो. गणवेशातले एक तरी मत हवेच. गृह, संरक्षण आणि सीमा या खात्यांचे मंत्रीही सेनाप्रमुखच सुचवणार. २०१७ च्या ऑगस्टपासून पश्चिमेकडच्या रखाइन प्रांतात लष्कराने जे केले आणि सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुसलमान बांगलादेशात पळाले, ते थांबवण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता, हे मान्यच.

पण उमेदवारांची यादी लष्कराने केली नव्हती. २०१५ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने अकराशेहून अधिक उमेदवार उभे केले. त्यांत मुसलमान एकही नव्हता. निकालाआधीच ही यादी सर्वांसमोर होती. ३९० जागांच्या जल्लोषात तिच्याकडे पाहायला सवड कोणाला होती!

पुढचे प्रकरण तर सरळ त्यांच्या सरकारचे. रखाइनमधल्या इन डिन गावात दहा रोहिंग्यांना मारून पुरल्याचा तपास करणाऱ्या दोन बातमीदारांना डिसेंबर २०१७ मध्ये अटक झाली. कलम लागले १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याचे. इंग्रजांनी केलेला हा कायदा त्याच सालच्या जन्मतारखेने आपल्याकडेही अजून नांदतो आहे. शिक्षा सात वर्षे. ‘ते पत्रकार होते म्हणून नव्हे, कायदा मोडला म्हणून तुरुंगात आहेत,’ अशा अर्थाचे उत्तर सू की यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये हनोईत दिले. हत्येबद्दल दहा वर्षांची शिक्षा झालेले सात सैनिक वर्षभराच्या आत सुटले. बातमी काढणारे पाचशेहून अधिक दिवस आत राहिले. डिसेंबर २०१९ मध्ये द हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात रोहिंग्यांच्या वंशसंहाराच्या आरोपावर त्या स्वतः देशाची बाजू मांडायला उभ्या राहिल्या. त्या भाषणात ‘रोहिंग्या’ हा शब्द आला तो फक्त एका सशस्त्र गटाच्या नावात.

सन्मान परत घेण्याची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे. ऑक्सफर्डच्या नगर परिषदेने २०१७ मध्ये ठराव करून शहराचा मान काढला. कॅनडाने २००७ मध्ये दिलेले मानद नागरिकत्व २०१८ मध्ये दोन्ही सभागृहांत ठराव करून रद्द केले. अॅम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेने २००९ चा पुरस्कार मागे घेतला. युरोपीय संसदेने १९९० चा साखारोव पुरस्कार काढून न घेता २०२० मध्ये त्यांना विजेत्यांच्या उपक्रमांतून वगळले. नोबेलच्या नियमांत तर परत घेण्याची तरतूदच नाही, त्यामुळे १९९१ चे शांतता पारितोषिक आहे तिथेच आहे. ठराव करणाऱ्यांची सुटका झाली. आपण जे छापले ते मात्र कोणत्या ठरावाने मागे घ्यायचे?

१ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर त्या पुन्हा कैदेत गेल्या आणि केसांत फूल माळलेला तो जुना फोटो पुन्हा बाहेर आला. त्यांच्यावर अन्याय झाला, यात शंका नाही आणि तसे लिहावेच. तो फोटो पुढच्या वेळी छापाल तेव्हा खालच्या मजकुरात २०१५ ची यादी आणि इन डिनचे दहा जण एकेका ओळीत तरी यावेत, एवढी विनंती.

– एक वाचक