आरसा माझ्या हातात देणाऱ्या काकांना

काका, सादर नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. गाडीतून ऑईल गळायचं थांबलं. रात्री इंजिनाखाली सरकवलेला पुठ्ठा सकाळी कोरडाच्या कोरडा निघतो. बॉनेट उघडलं की तो जळका वासही येत नाही.

तो वास मी किती दिवस उरात घेऊन गाडी चालवली हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सिग्नलला थांबलं की पंख्याच्या हवेतून तो आत यायचा, आणि मागच्या सीटवर मुलगी असायची. गळणारं ऑईल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनाचा गरम धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांवर, पडलं की जळतं, धूर होतो, जास्त पडलं तर पेटूही शकतं, हे मला माहीत होतं. गॅरेजवाल्यांना तर माझ्याहून जास्त माहीत असणार. तरी त्यांच्यापैकी एकानेही तेवढ्यासाठी घाई केली नाही.

पहिल्याने टॅपेट कव्हरचे, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाचे, बोल्ट आवळले, बाहेरून सीलंटचा जाड थर थापला आणि गाडी परत दिली. थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. दुसऱ्याने खालून एकदा बॅटरी मारली, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर ऑईल दिसलं, आणि निकाल दिला: मागचं क्रँक सील (इंजिनाचा मुख्य दांडा गिअरबॉक्सकडे निघतो तिथली ऑईल अडवणारी रिंग) गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. प्रश्न मी विचारत होते, उत्तरं माझ्या भावाला मिळत होती. मी वाकून बघायला गेले तर "मॅडम, कपडे खराब होतील." तिसरा म्हणाला, जुनी गाडी आहे, गळणारच, वरून ऑईल टाकत राहा. या तिघांना काम येत नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांनी बघितलं नाही, आणि मला बघू दिलं नाही. मला राग आहे तो याचा, आणि तो अजून गेलेला नाही.

तुम्ही आलात तेव्हा मी लगेच विचारलं, "क्रँक सीलच असेल ना?" तुम्ही म्हणालात, "आधी पुसू. मग बोलू."

आणि खरंच पुसलंत. तेलकटपणा काढणारं डिग्रीझर मारून, ब्रशने खाचाखोचांतली काळी चिकट माती काढून, कापडाने कोरडं करून, वर टाल्कम पावडर भुरभुरवलीत. माखलेल्या इंजिनावर गळती शोधायची नसते, हे त्या दिवशी मला कळलं. ऑईल खाली ओघळतं, चालत्या गाडीत वाऱ्याने मागे पसरतं. थेंब पडतो ती जागा फार तर शेवटची. उगम शोधायचा तर ओलाव्याचा माग काढत वर जायचं, सगळ्यात वरची ओली जागा सापडेपर्यंत. इतकी साधी गोष्ट मला आधी कुणीच का सांगितली नसेल?

मग इंजिन सुरू ठेवलं, गरम होऊ दिलं, बंद केलं. तुम्ही तो लांब दांडीचा छोटा आरसा इंजिनामागे घातलात, क्षणभर पाहिलंत. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, हे मला आता समजतं. पण तुम्ही बोलला नाहीत. बाजूला झालात, आरसा माझ्या हातात दिलात, दुसऱ्या हातात बॅटरी दिलीत आणि म्हणालात, "तू बघ पोरी, आणि मला सांग काय दिसतंय."

काका, हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे.

मला दिसलं. टॅपेट कव्हरच्या गिअरबॉक्सकडच्या कोपऱ्यात पावडर भिजून तपकिरी झाली होती. तिथून एक बारीक रेघ ब्लॉकच्या पाठीवरून थेट त्या सांध्यापर्यंत उतरली होती. क्रँक सील गळलं तरी ऑईल तिथेच दिसलं असतं. पण ही रेघ वरून आली होती आणि ती मी स्वतः शोधली होती. माझा आवाज चढला तेव्हा तुम्ही हसलात आणि म्हणालात, "बरोबर. गिअरबॉक्सला हात लावायचा नाही."

बाकीचं काम तुमच्यासाठी किरकोळ होतं. कव्हरखालचं जुनं पॅकिंग निघालं ते रबर राहिलंच नव्हतं, वाकवताच काडकन तुटलं. बाहेर थापलेलं सीलंट तुम्ही नखाएवढ्या तुकड्यांनी खरवडून काढलंत. एकही तुकडा आत पडू दिला नाहीत, कारण तो खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑईल साठतं त्या तळाच्या भांड्यात, गेला तर ऑईल पंपाच्या जाळीत अडकतो. नवीन पॅकिंग बसवताना बोल्ट मधल्यापासून बाहेरच्यांपर्यंत, थोडे थोडे, टॉर्क पान्याने (किती जोर लागतोय ते मोजणाऱ्या पान्याने) आवळायला लावलेत. चाकाचे नट १०० न्यूटन मीटरच्या आसपास घट्ट करतात, आणि या बोल्टांना जेमतेम १० पुरतात, हे ऐकून मी चाट पडले. जास्त आवळलं की कव्हर वाकतं, पॅकिंग दबून बाहेर येतं आणि गळती वाढते. म्हणजे पहिल्या गॅरेजने बोल्ट आवळून दुखणं वाढवलंच असणार.

आणि तुम्ही तिथेही थांबला नाहीत. पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या आत साठणारा वायू सोडणारी छोटी झडप, काढून माझ्या कानाशी हलवलात. चांगला असला तर खुळखुळतो. याचा आवाज नाही. आतला भाग चिकटून बसला होता. त्यामुळे क्रँककेसमधला, इंजिनाच्या पोटातला, वायू बाहेर पडत नव्हता, आत दाब साठत होता, आणि तो दाब ऑईलला सगळ्यात कमजोर फटीतून ढकलत होता. नुसतं पॅकिंग बदललं असतं तर तेही लवकर हरलं असतं. गळती "बंद झाली" म्हणून तुम्ही निघून गेला असता तरी मी तुमचे पाय धरले असते. तुम्ही कारणाच्या मागचं कारण शोधलंत.

मी गाडीखाली जायच्या आधी तुम्ही जॅकवर भरवसा न ठेवता दोन्ही स्टँड लावलेत आणि खांद्याने गाडी हलवून पाहिलीत, तेही विसरले नाही.

तुमच्यासारखी माणसं हातातली विद्या मुठीत धरत नाहीत. समोरच्याला कमी लेखत नाहीत, घाबरवत नाहीत. अशा माणसांची दखल कुठे घेतली जात नाही, कारण ती कामं निमूट करून हात धुऊन जातात. मला मात्र ती घ्यायची आहे. पैशांचं विचारलं तर तुम्ही रागावलात, आता पुन्हा विचारणार नाही.

आता दर आठवड्याला, इंजिन थंड असताना, सपाट जागी, मीच ऑईल मोजायची पट्टी, डिपस्टिक, बघते. पातळी आहे तिथेच आहे. तुमचा टॉर्क पाना माझ्याकडे राहिलाय, तो रविवारी आणून देते. चेंबरच्या ड्रेन प्लगपाशी, जुनं ऑईल सोडायच्या बुचापाशी, जो हलका ओलावा तुम्ही दाखवला होता, तो मी पुसून, पावडर लावून ठेवलाय. आरसा घेऊन या, काका. या वेळी आधी मी बघणार.

तुमची,
खालच्या मजल्यावरची